स्कूटर दिपाली चालवत होती

मी, अक्काताई रवळू मासेकर, वय एकसष्ट, राहणार येळ्ळूर, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र बेळगावच्या दवाखान्यात, पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. अपघातानंतर खुब्यात घातलेली सळी काढायचं ऑपरेशन उद्या सकाळी आहे. जखम चिघळली आहे. डॉक्टर धीर देतात, पण मला झोप नाही.

येळ्ळूरचं घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा नागेंद्र आणि सून दिपाली यांना निम्मं-निम्मं. घर कुणी एकट्यानं विकू नये.

शिलाई मशीन दिपालीला. म्हैस जाऊबाई तानीबाईंना. मी दवाखान्यात आल्यापासून धार त्याच काढतात. दीर शामू दवाखान्यात येऊन दिपालीला पांढऱ्या पायाची म्हणाले. त्यांना माझं काही देऊ नये.

आता अपघाताचं. वडगावच्या बाजारातून आम्ही परत येत होतो. स्कूटर दिपाली चालवत होती, मी मागं. उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकायला समोरचा टेम्पो आमच्या बाजूला घुसला. ती ओरडली, "आत्या, घट्ट धरा!" तिनं स्कूटर पार कडेला घेतली होती. तरी त्यानं ठोकलं.

मी बेशुद्ध होते तेव्हा नागेंद्रनं सगळा दोष तिला दिला. ती माहेरी, खानापूरला गेली. आता विमा कंपनीचा माणूस म्हणतो, निम्मी चूक स्कूटरची असं मान्य करा, तडजोडीची रक्कम लगेच मिळेल. नागेंद्र सहीला तयार आहे. पोलिसांनी माझा जबाब कन्नडात लिहिलाय. कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही. त्यात काय आलंय याची धास्ती वाटते.

म्हणून लिहून ठेवते: चूक टेम्पोची होती. मी गेले तरी वारसांना दावा चालवता येतो, असं वकिलांनी सांगितलंय. तो दिपालीनं चालवावा, भरपाई तिनंच घ्यावी. तिच्या माथी दोष मारणारी तडजोड कुणी करू नये, उशीर लागला तरी.

हे सगळं आत्ता नागेंद्रला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, उद्या जातो तिला आणाय."

मी म्हटलं, "उद्या न्हाय रं. आत्ताच जा."

तो गेलाय.

सही: अक्काताई रवळू मासेकर

आमच्यासमोर सही केली:
१. जोतिबा भरमू कणबरकर, शेजारी, येळ्ळूर
२. मंगल सत्याप्पा कांबळे, परिचारिका, बेळगाव

बेळगाव, १८ फेब्रुवारी २०२५