धुतलेलं सांडपाणी

दि. ३ मार्च

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमच्या लाँड्रीच्या सांडपाण्याच्या चारही बाटल्या धडधाकट पोचल्या. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना लावता तशी चिठ्ठी तुम्ही प्रत्येकीला लावलीत, वर ‘नाजूक’ असंही लिहिलंत. आमची अख्खी प्रयोगशाळा हसली. आई म्हणते, पर्यावरण व्यवस्थापनात एम.एस्सी. करायला निघालेली पोरगी शेवटी मामाच्या गटारापाशी येऊन थांबली.

पण मामा, घोळ झालाय. तपासणीत तुमचं सांडपाणी जवळजवळ नळाच्या पाण्याइतकं स्वच्छ निघालं. मार्गदर्शक बाईंनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं की बाटल्या वसतिगृहाच्या नळावर भरल्या का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रबंध तीस तारखेला द्यायचा आहे, नाहीतर माझं वर्ष गेलं. बाटल्या नेमक्या कशा भरल्यात ते उलट टपाली कळवा. मामींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती राहू द्या.

आपली,
ठकू

दि. ८ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दाखवलेल्या जागीच, गटाराच्या तोंडाशी, हॉटेलच्या चादरी धुऊन झाल्यावर पाणी घेतलं. पण ते इतकं काळंकुट्ट निघालं की माझाच जीव वरखाली झाला. बत्तीस वर्षांत या दुकानातून मळकी वस्तू बाहेर गेलेली नाही, आणि ही तर भाचीच्या कॉलेजात जायची. म्हणून बादलीत तुरटी फिरवली, गाळ खाली बसू दिला, मग चौपदरी चादरीतून गाळून बाटल्या भरल्या. तुझी मामी म्हणाली, आता इस्त्रीही फिरवा.

तुझा नंबर चांगला यावा एवढंच मनात होतं गं. तपासायचं म्हणजे मळच बघायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. तुझं वर्ष माझ्यापायी जाणार असेल तर मला घास गोड लागायचा नाही. हे पत्र बाईंना दाखव. हवं तर मी येऊन कान धरतो.

रागावली असशील तरी पत्र लिहीत जा.

तुझा,
मामा

दि. १३ मार्च

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग इतकं हसले की खोलीतली मैत्रीण घाबरली. बाईंनी ते दोनदा वाचलं. हसल्या नाहीत. तुरटी किती, चादर कोणती, गाळ बसायला किती वेळ लागला, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या की एवढ्याशा खटाटोपानं पाणी असं निघत असेल तर ते गटारात का सोडायचं, पुढच्या चादरींच्या पहिल्या धुण्याला चालतं का ते बघ. मामा, माझा प्रबंध आता तुमच्या बादलीवर आहे.

फक्त तुलनेला तेच पाणी जसंच्या तसं हवं, आणि वीस तारखेच्या आत. हात जोडते, गाळू नका, तुरटीकडे बघूही नका.

तुमच्याच भरवशावर,
ठकू

दि. १६ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाटली सोबत पाठवली आहे. भरताना तुझी मामी पहाऱ्याला उभी होती. चिठ्ठीवर दुकानाचं नाव घालताना पेन अडलं. शेवटी घातलं, आणि खाली लिहिलं, ‘माल धुतलेला नाही, हे मुद्दाम आहे.’ गाळलेल्या पाण्यात कालपासून चादरींचं पहिलं धुणं काढतोय. गिऱ्हाइकाची तक्रार नाही.

लोकांना ही बाटली दाखवताना धुतलेलीही शेजारी ठेव, एवढी विनंती.

तुझा,
मामा

दि. ९ मे

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि.

पास झाले! दोन्ही बाटल्या परीक्षकांपुढे शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. गाळायची ही पद्धत कोणाची, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या मामांची. मळकी बाटली बाईंनी कपाटात ठेवली आहे. तिच्यावरची चिठ्ठी वाचायला मुलं येतात.

रविवारी येते. महिन्याभराचे मळके कपडे घेऊन येतेय. या वेळी मात्र खुशाल धुवा.

आपली,
ठकू