फास असलेल्या माणसावरची कविता

जटलंड, डेन्मार्क
नोव्हेंबर १९७४

प्रिय आई,

हे पत्र पोचेल तेव्हा तू धडधाकट असशील अशी आशा आहे. मी ठीक आहे, खोली उबदार आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या संग्रहालयात दलदलीत सापडलेला दोन हजार वर्षांपूर्वीचा, न कुजलेला माणूस आहे, गळ्यात फास तसाच. मी पहारेकऱ्याला विचारलं, "कुणी मारलं याला?" म्हणाला, "आणखी कोण? गावातल्यांनीच." मला आपला मधला, डर्मट आठवला. त्यालाही आपल्याच गावातल्यांनी गोळी घालून आयर्लंडातल्या दलदलीतच टाकलं होतं ना! मला तिथंच रडू फुटलं. त्या रडण्यातूनच मी कविता लिहिली आणि धाकट्याला, युजीनला पाठवली.

काल त्याचं उत्तर आलं. त्यानं ती डर्मटच्या थडग्यापाशी मोठ्यानं वाचली, आणि तिथंच तिघा मित्रांनी सुडाची शपथ घेतली म्हणे. वर लिहितो, "दादा, आता याहून जहाल येऊ दे!"

मी वही शेगडीत घातली. पण ती कविता आता त्यांना पाठ आहे गं.

तू सांगितलंस तर तो ऐकेल का? की तुलाही तेच हवंय? तुझ्या पत्रांत त्याचं नावसुद्धा नसतं.

युजीन घरी असेल, तर दाराला कडी घाल, त्याला बाहेर जाऊ देऊ नकोस. नसेल, तर मला कळवू नकोस.

तुझा, दूर बसलेला,
फर्गल