मधली खुर्ची

६ जुलै, रविवार
काल रात्री मल्याळम पिक्चर. तीन भावंडं बापाचं घर विकायला जमतात आणि फणस कोणी लावला यावर दोन तास भांडतात. कॅमेरा सुंदर, गोष्ट मूठभर. ५/१०. गुण द्यायची पद्धत पद्माची. ती असती तर तिने ७ दिले असते आणि वर मला 'कारखान्यातला माणूस, तुला काय कळतंय' म्हणाली असती.

दूध आणायला गेलो तर शेजारच्या सुंदरमनी विचारलं, "मामी तुमच्याशी बोलत नाहीत का हो? नेहमी भिंतीशी बोलतात." समजावताना नाकी नऊ आले. भिंतीशी नाही, खुर्चीशी. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्यात सासू जावयासमोर बसत नाही, थेट बोलत नाही. स्वयंपाकघराच्या दारात त्यांचा बुटका मोढा, इकडे सोफ्यावर मी, आणि मधे पद्माची वेताची खुर्ची. दोन्हीकडचं बोलणं तिच्यामार्फत. पद्मा गेली त्याला वर्ष झालं. बोलणं अजून खुर्चीमार्फतच चालतं.

सुंदरमनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, आज दूध उशिरा आलं.

पिक्चरबद्दल अम्मांचं मत: "पद्मे, धाकटा वाईट न्हवे. त्याज कोण्ही विचारलेंच नाहीं कीं."

९ जुलै, बुध.
बेंगळुरूहून मुरलीचा फोन. पद्माचा धाकटा भाऊ. वर्षश्राद्ध झालं, आता अम्माला घेऊन जातो म्हणाला. "बहीण होती तोवर ठीक होतं भावोजी. आता जावयाच्या घरी राहिली तर लोक मला काय म्हणतील?"
म्हटलं, त्यांना विचार.
"विचारलं. ती म्हणते, जावई म्हणतील तसं."
म्हटलं, त्यांची जशी इच्छा.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी काहीच बोललो नव्हतो. सासरे गेल्यावर अम्मा इथे आल्या, तेव्हा पद्माचे केस काळे होते. आम्हाला मूलबाळ नाही. अम्मा गेल्या की या घरात मी आणि टीव्ही.

१३ जुलै, रवि.
तमिळ मालिका, पोलीस तपासाची. चार भाग एका बैठकीत. मदुराईकडची तमिळ इतकी भरभर की माझी कारखान्यातली तमिळ गेटवरच अडते. बोल्ट, शिफ्ट, रजा, चहा, एवढ्यात माझी नोकरी निभावली. पूर्वी पद्मा कानाशी सांगायची. आता अम्मा खुर्चीला सांगतात आणि मी ऐकतो. "पद्मे, तो म्हणतो, मी त्या दिवशीं गांवांतच नव्हतों. अस्क खोटें. डोळे पहा त्याचे." (अस्क म्हणजे सगळं.)
खुनी तोच निघाला. अम्मांना दुसऱ्याच भागात कळलं होतं. त्यांच्या मते नायिका केस बांधत नाही, म्हणून तिला तपास जमत नाही. ६.५.

१७ जुलै, गुरु.
आजपासून आडी, म्हणजे इकडचा आषाढ, लागला. देवळात कूळ, म्हणजे नाचणीची आंबील, वाटतायत, लाउडस्पीकर सकाळपासून. संध्याकाळच्या पिक्चरमधला एक संवाद ऐकू आला तर शपथ.
पण अम्मांनी दुपारी मुरलीला फोनवर सांगितलं, आडीत कोणी घर बदलत नाही, संपला की बघू. मग कॉफीचा पेला माझ्या टीपॉयवर ठेवला, टकटक वाजवला (हे मला उद्देशून) आणि खुर्चीला म्हणाल्या, "आडींत कोण्ही घर बदलील काय?"
मी खुर्चीला म्हटलं, छे.
फार दिवसांनी बरं वाटलं. एक महिना तर मिळाला.

२२ जुलै, मंगळ
खुर्चीचा वेत पार फाटला होता. मधे भोक. झाडताना कुंचा अडकतो. दोन वर्षं पद्मा म्हणत होती, विणून आण. आज मुहूर्त लागला. एस्टेट रोडला वेतकाम करणारे एक अण्णाच्ची आहेत (इकडे दुकानदाराला असंच म्हणतात), रिक्षात घालून नेऊन दिली. म्हटलं, अम्मांना बरं वाटेल.

२४ जुलै
काल आणि आज टीव्ही लावला. अम्मा दारात बसल्या. एक शब्द नाही.

२७ जुलै, रवि.
विनोदी पिक्चर. लग्नाच्या हॉलचं बुकिंग दोन कुटुंबांना एकाच दिवशी मिळतं. एरवी पोट धरून हसलो असतो. मला कळलं ते मी हसलो, कळलं नाही ते तसंच गेलं. कोणी सांगितलं नाही. अम्मांनी मधेच उठून डाळ भिजत घातली.
संपल्यावर मी म्हटलं, "शेवट जरा ओढला." कोणाला म्हटलं? मधे नुसती फरशी. चार पायांचे चार ठसे. त्यांनी ऐकलं, मान हलवल्यासारखी वाटली. पण बोलायचं कोणाकडे बघून?
माझ्या डोक्यात आता उजेड पडला. मी खुर्ची दुरुस्तीला दिली नाही, आमची बोलायची वाटच उचलून दिली. शहाण्याने हे पहिल्या दिवशी ओळखलं असतं.
गुण नाहीत.

२८ जुलै
मुरलीने अम्मांसाठी खोली रंगवायला काढली आहे. खिडकी पूर्वेला आहे म्हणाला. मला म्हणाला, भावोजी, तुम्हीही सुटाल. सुटेन म्हणजे काय, विचारायला हवं होतं.
अम्मा ऐकत होत्या. खुर्ची असती तर काहीतरी बोलल्या असत्या. काय, कोण जाणे. आज पद्माची इतकी आठवण आली की बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. या वयात.

३० जुलै, बुध.
अण्णाच्चींकडे गेलो. बाजू विणून झाल्यात, बसायची जागा उघडीच. "शनिवारी या सार." म्हटलं, आत्ताच द्या. म्हणाले, "अहो, याच्यावर बसाल कसे?" म्हटलं, बसणार कोण आहे.
ते माझ्याकडे बघत राहिले. मग रिक्षा थांबवली आणि दोरीने बांधून दिली.
आणली तशीच ठेवली, त्याच चार ठशांवर. मधे मोठी चौकट, आरपार फरशी दिसते. अम्मा दारात आल्या. खुर्चीकडे पाहिलं. पदराने हात पुसत पुसत म्हणाल्या, "पद्मे, अर्धवटच आणली कीं ग ह्यांणीं."
मी आत जाऊन थोडा वेळ बसलो. रडू आलं, खोटं का लिहू.
रात्री तोच लग्नाच्या हॉलचा पिक्चर पुन्हा लावला. अम्मांनी सगळे विनोद खुर्चीला समजावले. एकूण एक. ८/१०.

४ ऑग., सोम.
टीव्ही उघडला की आधी चौकोन येतात, कोण पाहणार विचारतात. एकावर नाव: पद्मा. तिथे जात नव्हतो. आज रिमोट घसरला की मी घसरवला, माहीत नाही. उघडलं तर वर लिहिलेलं, पुढे पाहा. कोरियन मालिका, तमिळमध्ये डब केलेली. खाली लाल रेघ, एका भागात अर्ध्यावर थांबलेली. हॉस्पिटलच्या आदल्या आठवड्यात दोघी मायलेकी पाहत होत्या. मी तेव्हा कोरियन म्हणून नाक मुरडून गच्चीवर जायचो.
मी खुर्चीला म्हटलं, मला काही माहीत नाही, पहिल्यापासून लावू का?
अम्मा: "नको म्हणावें. तिणें सोडलें तेथूनच."
तेथूनच लावली. लाल रेघ पुढे सरकायला लागली, ते पाहवेना. पण पाहिलं.

७ ऑग.
कोरियन मालिकेत गुंतलो आहे, कबूल. खानावळीची गोष्ट. मालक विधुर, तुसडा. स्वयंपाक करणारी म्हातारी त्याची कोणीच नाही, पण घर तिच्यावर चालतं. ती म्हातारी तमिळमध्ये "अय्यो, पोदुम्" (पुरे आता) म्हणते तेव्हा थेट आमच्या मजल्यावरची वाटते. अम्मा मागचं सगळं खुर्चीला सांगतात. पद्माने ते पाहिलेलं आहे. मी पाहिलेलं नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

१० ऑगस्ट, रवि.
आज ती म्हातारी खानावळ सोडून गेली. गाठोडं बांधलं, भांडी पालथी घातली, निघाली. मालक दारात उभा, एप्रनला हात पुसतोय. बस येते, ती चढते. तो हात वर करतो, तोही अर्धाच.
मला राहवलं नाही. खुर्चीला म्हटलं, "तिने जायला नको होतं. घर होतं तिचं."
नावं वर जाऊन संपली. मग अम्मा म्हणाल्या, "पावम्, बिचारी ती. पद्मे, तिज राहा म्हणून कोण्हीं म्हटलें काय?"
आणि उठून पेले विसळायला गेल्या.

पेले स्वच्छ होते.

१२ ऑग., मंगळ
ताकाला जाऊन भांडं लपवतोय, दुसरं काय. एवढं साधं वाक्य. चार वेळा तोंडापर्यंत आलं. एकदा तर खुर्चीकडे वळलोही, आणि म्हटलं काय, तर पंख्याचा रेग्युलेटर बिघडलाय.
भीती कसली, लिहून बघतो. (१) त्या नको म्हणतील. (२) त्या हो म्हणतील, भिडेखातर, आणि मुलाचं घर, नातवंडं, पूर्वेची खिडकी सोडून या आजाऱ्याच्या घरासारख्या शांत फ्लॅटमध्ये माझ्यासाठी कुढत राहतील. (३)
तिसरं सुचत नाही.

१३ ऑग.
माळ्यावरून अम्मांची बॅग काढून दिली. त्यांनी सांगितलं नव्हतं, खुर्चीलाही नाही. स्टूल घेऊन धडपडत होत्या, म्हणून काढली. बॅग पुसली. कुलूप चालतं का पाहिलं. स्वतःच्या हाताने.
मालिकेला आज सुट्टी. शेवटचे दोनच भाग उरलेत, पुरवून पाहायचे असं कोणी ठरवलं नाही, पण आम्ही दोघंही रिमोटला हात लावत नाही.

१५ ऑग., शुक्र.
एक भाग पाहिला. मालक बसस्टॉपवर जाऊन बसतो, रोज. बोलत काही नाही. दिग्दर्शकाला वाटतं यात फार काहीतरी आहे. मला त्याचा राग आला. अरे, तोंड आहे ना तुला. ४/१०.
अम्मा: "फारच कमी दिले म्हणावें."

१६ ऑग., शनि.
आडी उद्या सकाळी संपलेला असेल. मुरली निघालाय, पहाटे सेंट्रल स्टेशनला उतरेल, आवणीच्या, म्हणजे पुढच्या महिन्याच्या, पहिल्या दिवशी नेतो म्हणाला. अम्मांची बॅग दाराशी. वर त्यांची देवाची पेटी, कापडात बांधलेली. संध्याकाळी त्यांनी मला पुरेल एवढी पोडी, इडलीबरोबरची कोरडी चटणी, करून बरणीत भरली, बरणीवर चिठ्ठी चिकटवली नाही, कशाची ते मला कळतं म्हणून.
साडेसातला दिवा लावून नेहमीसारख्या मोढ्यावर येऊन बसल्या. शेवटचा भाग लावायचा होता. रिमोट माझ्या हातात. टीव्ही विचारत होता, कोण पाहणार. पद्माच्या चौकोनावर थांबलो आणि दाबलं नाही.
खुर्चीकडे वळलो. भोकातून फरशी दिसत होती, तिच्याकडे बघूनच म्हटलं.
"पद्मा, अम्मांना सांग. राहा म्हणावं."
खाली रस्त्यावर इडियाप्पमवाल्याची, म्हणजे तांदळाच्या शेवया विकणाऱ्याची, सायकल भोंगा वाजवत गेली.
मग अम्मांनी, सिनेमातलं कोणी काही म्हटलं की सांगतात तसंच, त्याच आवाजात, खुर्चीला सांगितलं.
"पद्मे, ते म्हणतात, राहा."
एवढंच. त्यावर त्यांचं मत काय, ते सांगितलं नाही. डोळ्याला पदर लावला, मोढा जरा पुढे ओढला, उंबऱ्याच्या अलीकडे, आणि टीव्हीकडे बोट केलं. लावा.
शेवटचा भाग पाहिला. म्हातारी परत येते की नाही, ते दाखवलंच नाही त्यांनी. बस येते, दार उघडतं, संपलं.
गुण द्यायचे राहिलेत. अम्मा झोपल्यात. बॅग अजून दाराशीच आहे.