पांढरी कड

९ जुलै

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझ्या बायकोची पाठ कशी आहे? माझा गुडघा कुरकुरतो, पण ग्रंथालयाचे दोन जिने अजून चढतो.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजचा शिक्का, खाली ‘विभागप्रमुख’ अशी सही, आणि मायना काय, तर ‘माननीय निवृत्त ग्रंथपाल’! नाक पुसून तुला शाळेत पाठवायची ती मीच ना रे? खिडकीजवळचं कपाट सोमवारपर्यंत रिकामं करा, म्हणे. सोप्या वाचनाने कॉम्प्युटरच्या मुलांची शिस्त बिघडते.

नाही करणार.

त्या कपाटात काय आहे हे बघायला तू एकदाही वर फिरकला नाहीस, म्हणून सांगते. लोकांनी नेटवर फुकट वाचायला ठेवलेले कॉम्प्युटरवरचे सोपे लेख मी निवृत्तीनंतर चार महिने शोधले, छापले, बाइंडिंग केले. निवडायची रीत आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची. पहिल्या वर्षाच्या मुलाने एक पान वाचायचं, मिटायचं आणि मला स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मला कळलं तर कपाटात, नाहीतर रद्दीत. चाळीसांतले अकरा लेख टिकले.

तुझ्याच पहिल्या वर्षाची एक मुलगी, आमची चष्मिस, कॉलेज सोडायचा अर्ज लिहूनच आली होती. म्हणाली, “मॅडम, सरांचं पुस्तक कळायला आधी सरांचं पुस्तक कळलेलं असावं लागतं.” मी हसले, ती रडली. कपाटातल्या चौथ्या लेखापर्यंत पोचली तेव्हा तीही हसली. तो अर्ज आता ती पानात खूण म्हणून घालते.

राहिलं तू अभ्यासाला लावलेलं तुझं पुस्तक. मी पुस्तक उघडण्याआधी त्याची कड बघते. वाचलेल्या पानांची कड मळते. ग्रंथालयात तुझ्या चौदा प्रती आहेत. चौदाही त्रेचाळीस पानांपर्यंत मळक्या, पुढे पांढऱ्याफटक. आणि तू म्हणतोस, मुलं आळशी!

पंधरावी प्रत माझ्या घरी आहे. ‘ताईला, जिने मला वाचायला शिकवलं,’ असं तू लिहून दिलेली. पुढच्या आठवड्यात आलास तेव्हा “कसं वाटलं?” म्हणून तू दारातच विचारलंस. तुझा चेहरा बघून मी म्हणाले, “एका बैठकीत संपवलं. छान!”

तिचीही कड त्रेचाळीसपुढे पांढरीच आहे.

तेव्हाच बोलले असते तर तू दुसऱ्या आवृत्तीत सुधारलं असतंस. तुझं मन राखायला मी सहा वर्षं लोकांच्या मुलांना ढ ठरू दिलं. हे कपाट त्याची भरपाई आहे, म्हणून ते हलणार नाही.

सोमवारी शिपायाला पाठवू नकोस, तू ये. चष्मिससमोर बस, तुझं चव्वेचाळिसावं पान वाच, मिट आणि तुझ्या शब्दांत तिला सांग. तिला कळलं, तर तू बोललास तसंच उतरवून घेईन आणि बारावं बाइंडिंग करीन. मधल्या कप्प्यात तेवढी जागा ठेवली आहे.

तुझ्याशी एकदाच खोटं बोललेली,
ताई