आपल्याला उपास सोसत नाही

माय,

तुला उपास का सोसत नव्हता ते मला आत्ता कळलंय. पोटात स्वादुपिंडावर बारीक गाठी असतात, त्या नको तेवढं इन्सुलिन सोडतात, आणि रिकाम्या पोटी माणसाची साखर धाडकन खाली येते. लई कमी लोकांना होतो म्हणे हा आजार. लातूरच्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं, आणि मी मनानं जळकोटच्या आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

नवरात्र आहे. भगर निवडता निवडता तू थांबतेस. कपाळावर घाम, नजर भलतीकडे, आणि चक्क सासूला अगं-तुगं करतेस. मग माझ्या ताटातली गूळपोळी ओढून खातेस आणि थोड्या वेळात काही झालंच नाही अशी भगर निवडायला लागतेस. आजी म्हणायची, "हिला देवीचंबी भ्या न्हाई. जिभेचे चोचले हायत सगळे." थोरली सून असून घटाला माळ घालायचा मान तुझ्याकडून काढून काकूला दिला. पुढच्या वर्षी तू हट्टाला पेटलीस, पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही म्हणून. तिसऱ्या माळेला सकाळी तू उठलीच नाहीस. बाया म्हणाल्या, भाग्याची, उपासात गेली. मीही सगळ्यांना तसंच सांगत आले.

माझी एक गाठ काढली, बाकीच्या आहेत. उठल्या उठल्या बोट टोचून साखर बघायची, गोळी घ्यायची, दर दोन-तीन तासांनी खायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढं सरकायच्या आधीच मी लाडू तोंडात घालते, लोक बघतात. त्याची लाज वाटते, पण ती परवडली.

तुझ्या नातीची सोयरीक अहमदपूरला जुळलीय. घर चांगलं आहे, सुपारी फुटलीय. होणाऱ्या सासूनं तिला गुरुवारचे उपास धरायला सांगितलेत. पहिल्याच गुरुवारी नांदेडहून, नोकरीवरून, तिचा फोन आला. "मम्मी, हात लई थरथरायलेत. ऑफिसात मी कायबाय बोलले म्हणे, मला आठवतच न्हाई." मी लगेच ओळखलं. आणि म्हणाले, "पित्त असंल. सरबत पी, आन् कुणाला सांगत बसू नको." सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर लग्न मोडतील, एवढंच माझ्या डोक्यात.

या रविवारी ती माझ्यासोबत दवाखान्यात आली होती. तिला मी बाहेर बसवलं. डॉक्टर म्हणाले, "हा आजार आईकडून लेकरांना येऊ शकतो. तुम्हाला मुलं किती?"

"एकबी न्हाई."

"मग बाहेर बसलीय ती?"

"जावेची लेक हाय."

तेवढ्यात ती दार ढकलून आत आली. "मम्मी, तुझी खायची वेळ झाली," म्हणत माझ्या हातात केळं दिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. मी केळं सोलत राहिले, मान वर केलीच नाही. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात, माय. त्या खोलीत दोन्ही गेली.

"ताई, हिला सांगा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"काय सांगायचंय?" तिनं विचारलं.

"पथ्याचं," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळच्या बसनं ती नांदेडला गेली. उद्या गुरुवार आहे. मी तुला एवढं लिहीत बसले, तिला अजून फोन केलेला नाही.