कोल्टनचा खांदा

प्रिय आई,

मी धडधाकट आहे, जेवणही नीट चाललंय. जर्दाळू भरलेले गोड कोलाचे-पाव पोचले. पण डब्यावर ‘कोल्टनलाही दे’ असं लिहायची काय गरज होती?

तुझ्या पत्रात पहिली चौकशीही त्याच्याच खांद्याची! तो आमच्या संघाचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा, म्हणून फोटो त्याचे. आम्ही पाच जण त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहून मार खातो. शनिवारच्या सामन्यात समोरच्यांनी त्याला सारखं आडवं केलं, तर गावभर बोंब, की भिंतच पोकळ! तो मात्र चेंडू न फेकता कवटाळून उभाच राहतो, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. बाबासुद्धा फोनवर म्हणाले, “लाइल, त्या पोराला जरा सांभाळ रे.” मग मी कोणाचा पोरगा?

आमच्यात रीत आहे, तो पडला की त्याला उठवायचं ते भिंतीतल्यांनीच. शेवटच्या वेळी तो माझ्या पायाशीच पडला. त्यानं हात वर केला आणि मी बुटाची नाडी बांधत बसलो. शेवटी विरुद्ध संघातल्या एकानं त्याला हात दिला.

बाबांची कंबर कशी आहे? माझा गुडघा बरा आहे, तू विचारलं नाहीस म्हणून सांगतो.

आणि खरं सांग, ते नाडीचं टीव्हीवर दिसलं का गं?

तुझाच,
लाइल