हात वर करून सोडवलेला भौतिकशास्त्राचा पेपर

आदरणीय व्याहीबुवा,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालूनच हाका मारता, ते कळवावे. विहीणबाईंचा खोकला गेला असेल. गेला नसेल तरी गेला असेच कळवा, कारण मला काळजीने झोप लागत नाही. इकडे सगळे कुशल आहे. (माझी छाती सकाळपासून धडधडते आहे, पण ती मी कुशलातच धरली आहे.)

आज आपल्या नातीचा भौतिकशास्त्राचा पेपर झाला. या एका पेपरावर सगळे अडले होते, हे तुम्ही जाणताच. यात चांगले मार्क पडले तर तिला तुमच्या गावच्या विज्ञान कॉलेजात प्रवेश आणि राहायला तुमचे घर. नाही पडले तर इथलेच कॉलेज आणि आमचेच घर. तिने तिकडे यावे, मोठे व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. (हे वाक्य मी सूनबाईला मोठ्याने वाचूनही दाखवले आहे.)

तुम्ही पदवीधर. माझी आणि भौतिकशास्त्राची मात्र ओझरतीच भेट, कारण ते वर्गात शिरत होते तेव्हा मी शाळेतून बाहेर पडत होतो. तरी पेपरभर मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. हातात छत्री (ढग नव्हता, पण ढगाला काय, येतो कधीही), खांद्याला पाण्याची बाटली, खिशात जादा पेन. आत मुलगी, बाहेर पेन, तर ते पोहोचणार कसे, हा विचार मला तिथे पोहोचल्यावर सुचला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी वेळ विचारून विचारून भंडावले. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, पेपर तिचा आहे की तुमचा? एवढा घाम आत कुणालाही आला नसेल."

घंटा झाली आणि धरणाचे दार उघडावे तशी पोरे बाहेर आली. घरी जातील म्हणावे, तर एकही हलेना! सगळी सायकलींच्या पत्र्याखाली जमली आणि उत्तरे ताडून पाहू लागली. कोणाची प्रश्नपत्रिका सीटवर पसरलेली, कोणी तळहातावर आकडेमोड करतोय. "तुला काय आलं?" "बारा." "मला बाराशे!" "एकक काय लिहिलंस?" "एकक लिहायचं होतं?" हे ऐकून बाराशेवाला जागच्या जागी खाली बसला.

आपली नात कुठे? ती बाहेरच्या कठड्यावर पाय हलवत बिस्किटे खात बसलेली. म्हणते, "लिहिलं ते लिहिलं, आजोबा. आता बघून शाई पुसली जाणार आहे का?" (हा थंडपणा तुमच्याकडचा. आमच्या घराण्यात असा माणूस झालेला नाही.) शेवटी तिच्याच हातातली प्रश्नपत्रिका मी ओढून घेतली. समासात तिने पेन्सिलीने आपली उत्तरे बारीक टिपली होती. ती घेऊन मी गर्दीत घुसलो.

आता माझा पोशाख लक्षात घ्या. पांढरा सदरा, खिशाला पेन, कपाळावर चढवलेला चष्मा. कोणीतरी ओरडले, "ए, सर आले, सर!" मी सर नाही हे सांगणारच होतो. पण व्याहीबुवा, जन्मात मला कोणी सर म्हटले नव्हते, म्हणून तोंड उघडायला जरा उशीर झाला. तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सर, उत्तर चुकलं, पण सूत्र बरोबर आहे. अर्धे मार्क मिळतील ना?" तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हणालो, "देऊ, देऊ."

झाले! पत्र्याखालची अख्खी फौज माझ्या अंगावर आली. आणि सगळ्यांत मोठा तंटा होता एका दगडाचा. दगड सरळ वर फेकला, अगदी टोकाला पोहोचला, तर तिथे त्याचे त्वरण किती? निम्मी पोरे एकदम बोलू लागली, उरलेली त्यांच्यावर ओरडू लागली. मी आमच्या इमारतीच्या समितीचा चिटणीस होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या रंगापर्यंत सगळे मी हात वर करायला लावून ठरवले आणि कधी भांडण उरू दिले नाही. तीच रीत इथे लावली. "शून्य म्हणणाऱ्यांनी हात वर करा." हातांचे रान उभे राहिले. मीही अध्यक्ष या नात्याने हात वर केला, कारण थांबलेल्याला कसले आलेय त्वरण? मी जिन्यात मधल्या पायरीवर थांबतो तेव्हा माझ्यात तर काही नसते. "विरुद्ध?" सरांचाच हात वर, मग विरुद्ध कोण जाणार? ठराव एकमताने मंजूर!

मग सहज समासाकडे पाहिले. आपल्या नातीने लिहिले होते, नऊ पॉइंट आठ, खालच्या दिशेने. म्हणजे तिला मी स्वतःच्या हाताने, रीतसर, टाळ्यांच्या गजरात नापास केले होते. पुढचा प्रश्न दिव्यांचा. समांतर जोडलेल्या दिव्यांपैकी एक गेला तर बाकीचे जळतात का? ती लिहिते, जळतात. आमच्या जिन्यात एक गेला की सगळे जातात! तिथेही बिचारी बुडाली. खोटे कशाला बोलू, तिचे उत्तर चुकले की पोटात गोळा येत होता, आणि बरोबर निघाले की त्याहून मोठा येत होता. हे काय दुखणे आहे, तुम्हीच ठरवा.

एवढ्यात त्यांच्या भौतिकशास्त्राच्या बाई आल्या. "काय बाजार मांडलाय?" पोरे म्हणाली, "बाई, सरांनी शून्य मंजूर केलं!" "कोण सर?" मीही मागे वळून पाहिले. मागे फक्त सायकली. बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "अरे, दगड क्षणभर थांबतो. पृथ्वी ओढायची थांबते का? नऊ पॉइंट आठ! वर्षभर काय घसा कोरडा केला मी? लिहिलंय का एकाने तरी?" मी प्रश्नपत्रिका पुढे केली. बाईंनी समासावरून बोट फिरवले. दगड बरोबर, दिवे बरोबर, भिंग बरोबर. "हिला कुठलंही विज्ञान कॉलेज नाही म्हणणार नाही," असे त्या म्हणाल्या आणि मला घामाने डोळ्यांपुढचे दिसेना. घामच असणार.

दोन वेण्यांवाली ओरडली, "बाई, पण यांनी अर्धे मार्क कबूल केलेत!" तेव्हा नात कठड्यावरून उडी मारून आली. "ते सर नाहीत, माझे आजोबा आहेत," म्हणत तिने मला मनगटाला धरून बाहेर काढले. पोरे चिडतील वाटले, तर मागून हाका, "आजोबा, उद्या रसायनशास्त्राला नक्की या!"

रस्त्यात ती हसून हसून वाकली. म्हणाली, "मी तिकडे गेल्यावर माझ्या कॉलेजात असलं काही करायचं नाही हं." मी म्हणालो, मी कशाला तिकडे मरायला येतोय? त्यावर तिने उरलेले बिस्कीट मला दिले.

तर बातमी आनंदाची आहे. मी जिन्यातूनच ओरडत वर गेलो, शेजाऱ्यांची दारे उघडली. तिची तयारी ठेवावी. विहीणबाईंना नमस्कार, गुडघ्याला जपा.

आपला,
व्याही

ता. क. तिला सकाळी उठवायला तीन हाका लागतात. तिसरी हाक रागाने मारावी लागते आणि ती मलाच जमते. तुमचा स्वभाव मऊ, तुम्हाला जमायची नाही.

ता. क. दुसरा. तुमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक खाट मावेल असे मला मागच्या भेटीत वाटले होते. सहजच वाटले होते. मी पथ्याचे जेवतो, वर्तमानपत्र तुमचे वाचून झाल्यावरच घेईन. मी घोरतो असे मुलगा सांगेल, ते खरे नाही. खरे असले तरी तुमच्या कानाला ऐकू येत नाही, त्यामुळे आपले जमेल.

ता. क. तिसरा. हे नातीला अजून बोललो नाही. उत्तर 'हो' असेल तर उलट टपाली कळवावे. 'नाही' असेल तर घाई करू नये. आधी विहीणबाईंना विचारावे.